पालथ्या पेटीचा पासवर्ड

रंजना बोरसेच्या जिभेला हाड नाही, असं सुरतेतल्या भेस्तानच्या तिच्या गल्लीत कोणीही सांगेल. सांगताना आवाज मात्र खाली ठेवील. कारण रंजनाच्या कानावर गेलं तर ती हातातली बादली खाली ठेवून थांबते आणि विचारते, "तुनी जीभले कोनतं हाड शे, दखाड बरं." दाखवणारा अजून कोणी निघालेला नाही.

शिरपूरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती सुरतेला आली तेव्हा तिच्या तोंडातून शब्द फुटत नसे, असं तिचा नवरा सुकलाल सांगतो. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. सुकलालचं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलं, त्याला आता निम्मंच ऐकू येतं, आणि म्हणूनच त्याचा संसार सुखाचा झाला असं शेजारी म्हणतात.

रंजनाची पहिली नोकरी धागा कटिंगची. साडीच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे कापत दिवसभर मान खाली घालून बसायचं. तिथला कंत्राटदार सुटीच्या वेळी दारात उभा राहून पिशव्या तपासायचा; पुरुषांच्या नाही, फक्त बायकांच्या. बायका पिशवी उघडून धरत आणि तोंड दुसरीकडे करत. रंजनाने काही दिवस हे पाहून घेतलं. मग एका संध्याकाळी तिने आपली पिशवी त्याच्या टेबलावर सरळ उपडी केली. जेवणाचा डबा, कंगवा, कोथिंबिरीची अर्धी जुडी, तुटलेल्या चपलेचा अंगठा, सगळं त्याच्या चहाच्या कपाशेजारी. "बघितलं?" ती म्हणाली. "आता होतं तसं भरून दे." कंत्राटदार हसला. ती हसली नाही. मागे रांग वाढत गेली, बायका कुजबुजायला लागल्या, आणि शेवटी त्या माणसाने कोथिंबिरीसकट सगळं परत भरलं. दुसऱ्या दिवशी त्याने तिला कामावर घेतलं नाही. घरी लहान लेकरं होती, तेव्हा तिला काळजी वाटली नाही असं म्हणणं खोटं होईल. पण रंजनाला आळशी म्हणा, तोंडाळ म्हणा, ती ऐकून घेईल. चोर म्हटलं की तिच्या अंगाची लाही होते.

पुढे सुरतेजवळच्या सचिन गावी हरसुखभाईंच्या एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, ती लागली आणि तिथे मात्र टिकली. लांबच लांब मशीन, त्यावर सुयांच्या रांगा, एक धागा तुटला की सगळं मशीन थांबतं आणि धावत जाऊन तो ओवावा लागतो. अशी धावाधाव करून करून तिच्या गुडघ्यांनी जवाब दिला. तेव्हा हरसुखभाईंनी तिला काचेच्या खोलीत कंप्यूटरपुढे बसवलं. तिला कंप्यूटर येत होता असं नाही. पण ही बाई खोटं बोलत नाही आणि इकडचं तिकडे करत नाही, एवढं शेठना माहीत होतं, आणि व्यापाऱ्यांच्या नव्या डिझाइन ज्या खोलीत येतात तिथे असंच माणूस लागतं. बाकीचं ती शिकली, चुकत चुकत आणि चरफडत. गादीची खुर्ची, कंप्यूटरला लागतो म्हणून लावलेला एसी, पाय सरळ ठेवायला जागा. त्या खुर्चीवर पहिल्या दिवशी बसून ती घरी आली तेव्हा सुकलालला तिने तीनतीनदा सांगितलं, आणि त्याने एकदा तरी नक्की ऐकलं असणार.

तिच्या काचेच्या खोलीत भिंतीवर एक पांढरी पेटी होती, वायफायची. कंप्यूटरमधली डिझाइन त्या पेटीतून हवेतल्या हवेत मशीनपर्यंत जायची. ज्याच्याकडे पेटीचा पासवर्ड, तो आत; ज्याच्याकडे नाही, तो बाहेर. पासवर्ड एकच, सगळ्यांना मिळून. शेठचा मेहुणा, ड्रायव्हर, चहावाला, कोणीही विचारावा आणि कोणीही सांगावा. पेटी बसवणारा महेश जाताना सांगून गेला होता की मावशी, पेटीच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर कंपनीने जो पासवर्ड छापलाय तो बदलून टाका, तसाच ठेवू नका.

रंजनाने ते मनावर घेतलं, आणि तिथेच घोळ झाला. एका दुपारी तिने पेटीचं सेटिंगचं पान उघडलं. पासवर्डच्या वर सुरक्षेचा प्रकार निवडायचा होता, तिथे चार-पाच नावं होती. साडी घ्यायला गेल्यासारखी तिने सगळ्यात नवी निवडली, डब्ल्यूपीए-थ्री. नवं म्हणजे भक्कम असणार. भक्कम ते होतंच, पण खात्यातली मशीनं जुनी. त्यांना ही नवी भाषा कळेना. एकेक करून सगळी वायफायच्या जाळ्यातून सुटली आणि ठप्प झाली. घाबरून तिने सेटिंगच्या पानाचाच पासवर्ड बदलला, तोही टाइप करताना चुकली, आणि मग तिला स्वतःलाही आत जाता येईना. महेशने येऊन पेटीच्या मागच्या भोकात टाचणी खुपसली तेव्हा पेटी कोऱ्या करकरीत अवस्थेला परत गेली, छापील पासवर्डसकट. हरसुखभाईंनी त्या दिवशी जो आवाज काढला तो मशीनं बंद असल्यामुळे सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला. "रंजनाबेन, हवे हाथ नहीं लगाडवानो," असं त्यांनी फर्मावलं. हात लावायचा नाही म्हणजे नाही. तेव्हापासून छापलेला पासवर्ड तसाच राहिला.

मग दसरा आला. दसऱ्याला खात्यात मशीनं धुऊनपुसून त्यांना कुंकू लावतात, झेंडू वाहतात, नारळ फोडतात, आणि जे जे म्हणून विजेवर चालतं त्याला हार घालतात. रंजनाने कंप्यूटरला कुंकू लावलं, प्रिंटरला लावलं, आणि वायफायच्या पेटीपुढे येऊन थबकली. पेटीच्या तोंडावर सगळी बारीक भोकं. ओलं कुंकू आत गेलं तर पुन्हा टाचणी आणि पुन्हा हरसुखभाईंचा आवाज. तिने शहाणपणा केला. पेटी खिळ्यावरून काढली, पाटावर पालथी ठेवली आणि सपाट पाठीवर, छापील कागदाच्या वरच्या मोकळ्या जागेत, छानसं स्वस्तिक काढलं. भोवती झेंडूची फुलं ठेवली. बघणाऱ्याला वाटावं, पेटी अशीच असते.

तिच्या हाताखाली नीलम तायडे होती, चोविशीची पोर. कंप्यूटरचा कोर्स केलेली, डिझाइनमधले रंग बदलण्याचं काम करायची. नीलमचं घर बौद्ध; तिचे वडील भुसावळकडून मिलच्या कामाला सुरतेला आले आणि इथलेच झाले. ती पूजेला हात जोडत नसे. "आमच्यात नाही करत, मावशी," एवढं तिने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि रंजनाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सगळे पूजेत, ती एकटी मोकळी, म्हणून हरसुखभाई तिला म्हणाले, "फोटो पाड, छोकरी." तिने फोटो काढले आणि शेठना पाठवले. शेठनी त्यातला कंप्यूटर-पेटीचा, झेंडूवाला, सगळ्यात देखणा फोटो निवडून आपल्या व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकला. खाली लिहिलं, शुभ दशेरा. निम्म्या सचिनने आणि निम्म्या कापड मार्केटने तो पाहिला.

दिवाळी तोंडावर आली तशी बातमी फुटली. रमणीकभाई नावाच्या व्यापाऱ्याने लग्नसराईसाठी एक डिझाइन करायला दिली होती, जाईच्या वेलांची जाळी. माल अजून मशीनवरच होता, आणि रिंग रोडवरच्या एका दुकानात तीच जाळी, तोच वेल, साडीवर टांगलेला. रमणीकभाईंनी फोनवर हरसुखभाईंना एवढंच विचारलं, "तुमच्याकडून कोणी काढली?"

हरसुखभाई काचेच्या खोलीत आले. त्यांनी रंजनाकडे पाहिलं नाही. नीलमपुढे उभे राहिले आणि म्हणाले, उद्या दुपारी पार्टी, म्हणजे रमणीकभाई, येणार, तिच्यासमोर हात जोडून माफी मागायची आणि घरी जायचं, परत यायचं नाही. नीलमने विचारलं, "कशाची माफी?" शेठ म्हणाले, डिझाइन बाहेर गेली त्याची. खोलीत दोघीच बसता. रंजनाबेनला मी वर्षानुवर्षं ओळखतो. मग जाताजाता, जणू यातच सगळं आलं, म्हणाले, "पूजा पण नथी करती."

आता सांगा, पूजेचा आणि साडीवरच्या वेलाचा काय संबंध? पण माणसाला एकदा कोणावर तरी ढकलायचं असलं की त्याला काहीही संबंध दिसतो. रंजना उठली होती, तिच्या ओठांवर शब्द आला होता, पण नीलमने तिचा हात धरला. "राहू द्या, मावशी," ती म्हणाली.

खात्याबाहेर शेअर रिक्षाची वाट बघताना रंजनाने तिला फैलावर घेतलं. राहू द्या म्हणजे काय? तोंडात काय मूग धरलेस? तू केलंस का? नाही ना? मग? नीलम ऐकत राहिली. मग तिने मोबाइल काढला, दसऱ्याचा फोटो उघडला आणि बोटांनी मोठा केला. झेंडू बाजूला सरकले, स्वस्तिक मोठं झालं, आणि त्याच्या खाली कागदावरची छापील अक्षरं एकेक करून वाचता येऊ लागली. वायफायचं नाव. पासवर्ड. त्याच्याखाली सेटिंगच्या पानाचाही पासवर्ड. खात्याच्या भिंतीला लागून दुसरं खातं, मागे रस्ता, आणि वायफाय काही भिंत बघून थांबत नाही. शिवाय कंप्यूटरमधलं डिझाइनचं फोल्डर उघडंच असायचं. त्या जाळ्यात शिरला त्याला सगळं हाताशी.

रंजनाने मोबाइल हातात घेऊन फोटो पुन्हा पाहिला. ती पालथी पेटी तिनेच ठेवली होती.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"रमणीकभाईंचा फोन आला तेव्हाच. फोटो आठवला मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची खुर्ची गेली असती, मावशी," नीलम म्हणाली. "तुमचे गुडघे..."

रंजनाने आयुष्यात बरंच ऐकून घेतलं होतं, पण असं कधी ऐकलं नव्हतं. एवढीशी पोर, आपल्यावर चोरीचा शिक्का बसतोय आणि ही दुसरीच्या गुडघ्यांची काळजी करतेय. तिला नीलमचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि रिक्षा भेस्तानला पोचेपर्यंत तो सगळा राग बरोबर जिथे जायला हवा तिथे गेला, म्हणजे हरसुखभाईंवर.

ती आपल्या घरी न जाता आधी नीलमच्या घरी गेली. नीलमची आई चंपाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. काहीतरी बिघडलंय हे तिला कळलं होतं. पोरीच्या तोंडावरूनच तिने ओळखलं होतं. रंजनाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आणि चूक माझी आहे, हिची नाही, असंही. चंपाबाईने सूप बाजूला ठेवलं. "बाई, नोकरीचं एक सोड," ती म्हणाली. "ही गेली तर दुसरी भेटंल. पण डिझाइन चोरली म्हणून हिचं नाव झालं, तर सचिनात नाही, पांडेसऱ्यात नाही, कुठंच कोणी दारात उभं करणार नाही. आमच्या लोकांना एकदा नाव ठेवलं की पुसायला कोणी येत नाही." तिने आवाज चढवला नाही, रडली नाही, आणि रंजनाला वाटलं, हिने रडलेलं परवडलं असतं.

घरी सुकलालने जेवताना सगळं ऐकलं, यावेळी खरंच ऐकलं. "तू कसाले मधमा पडस?" तो म्हणाला. "शेठ जाने नि ती पोर जाने. आपली ना नातानी ना गोतानी." त्याचं कुजबुजणंही गल्लीला ऐकू जातं.

"पेटी मी पालथी करी," रंजना म्हणाली, "आनि मार ती पोर खाई राहिनी."

"खुर्ची जाई तुनी."

"जाऊ द्या. पाय दुखतस, तुटेल नहीत."

सुकलालने भाकरीचा तुकडा मोडला. तिचा असा आवाज लागला की बोलण्यात अर्थ नसतो हे त्याला बहिरेपणाच्या आधीपासून माहीत होतं.

सकाळी रंजना खात्यात पोचली तीच सरळ शेठच्या केबिनमध्ये. रागावली की ती गुजराती सोडून मराठीवर येते, आणि हरसुखभाईंना मराठी चांगलं कळतं. नको असेल तेव्हा कळत नाही. तिने फोटो मोठा करून त्यांच्यापुढे धरला. पेटी मी पालथी केली, म्हणाली. फोटो तुम्ही काढायला लावलात. स्टेटसवर तुम्ही टाकलात. त्या पोरीने बटण दाबलं, बस.

हरसुखभाई बराच वेळ फोटो बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी उतरला आणि मग घट्ट झाला. माणूस वाईट नव्हता. अडचणीत सापडलेला होता, आणि अडचणीतला माणूस कधीकधी वाईटाहून वाईट वागतो. पार्टीला काय सांगू, ते म्हणाले. माझ्या स्टेटसमुळे तुझी डिझाइन गेली असं सांगू? उद्यापासून मला कोण काम देईल? एक मुलगी गेली की विषय संपतो. तिच्याच फोनमधून फोटो निघाला ना? मग खोटं काय त्यात?

"चोर सोडून संन्याशाला फाशी," रंजना म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही करताय ते."

शेठ खाली वाकले. त्यांनी टेबलाखालून एक खोकं काढलं. नवी पेटी होती. महेशला फोन लावून ही बसव, ते म्हणाले, पार्टी यायच्या आत सगळं पक्कं झालेलं दिसलं पाहिजे. आणि तुला काही झालेलं नाही, तू आपल्या जागेवर आहेस, हे लक्षात ठेव.

रंजनाने खोकं उचललं. यावेळी तिने घाई केली नाही. महेश फोनवर आणि नीलम शेजारी, माफीचा दिवस असूनही ती वेळेवर आली होती. महेशने सांगितलं की या पेटीत दोन वेगळी जाळी करता येतात. एक मशीनचं, त्यात डिझाइन, आणि एक माणसांच्या मोबाइलचं, त्यातून डिझाइनपर्यंत पोचता येणार नाही. प्रकार निवडायची वेळ आली तेव्हा रंजनाचं बोट सगळ्यात नव्या नावाकडे गेलं आणि तिचं तिनेच मागे घेतलं. डब्ल्यूपीए-टू, एईएसवालं, जुन्या मशीनना समजेल एवढं नवं. मग ते बटण दाबलं की पासवर्डशिवाय जोडून देणारं डब्ल्यूपीएस बंद केलं. मशीनच्या जाळ्याला लांब पासवर्ड दिला. कागदावर छापलेल्या सगळ्याच्या सगळ्याला काट मारली.

आणि मग महेश म्हणाला, या पेटीत आणखी एक सोय आहे, मावशी. एकच पासवर्ड सगळ्यांना द्यायची गरज नाही. माणसागणिक वेगळा देता येतो, त्याच्या नावाने. कोण आत आलं ते दिसतं, आणि एखादा सोडून गेला तर फक्त त्याचा बंद करायचा, बाकीच्यांना तोशीस नाही.

रंजनाला हे फारच आवडलं. ज्याचं त्याचं नाव, ज्याची त्याची चावी. अशी पेटी आधी असती तर आज नीलमकडे बोट दाखवायची कोणाची हिंमत झाली नसती. तिने शेठचं नाव घातलं, आपलं घातलं, आणि तिसऱ्या ओळीत नीलमचं टाइप करायला घेतलं तोच मागून आवाज आला.

"एनुं नहीं," हरसुखभाई म्हणाले. तिचं नको.

रंजनाने कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. "मग पेटी अर्धीच राहील," ती म्हणाली. "पुढचं तुम्ही करा."

"रंजनाबेन, पार्टी आवे छे."

"येऊ दे. मलाही पार्टीशी बोलायचंय."

हरसुखभाई काही म्हणणार तेवढ्यात काचेच्या दारात रमणीकभाई उभे राहिले. ठेंगणे, पांढरा सफारी, मोबाइल हातात. दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक रंजनाने सोडली नाही, दुसरीत नीलम. शेठ आणि व्यापारी उभेच राहिले. हरसुखभाईंनी घसा साफ केला आणि नीलमकडे हात केला की ही ती मुलगी, आता माफी मागेल.

नीलम उठली. तिने हात जोडले नाहीत. "मी काही केलेलं नाही," ती हिंदीत म्हणाली, एकेक शब्द स्पष्ट. "ज्याचं मी केलं नाही त्याची माफी मी मागणार नाही."

रंजनाने मग वेळ दवडला नाही. दसऱ्याला पेटी मी पालथी केली, म्हणाली. का, तर कुंकू आत जाईल म्हणून. छापील पासवर्ड बदललेला नव्हता, तोही माझ्याच घोटाळ्यामुळे. फोटो हिने काढला कारण हिला सांगितलं होतं. पुढचं मी सांगत नाही, पुढचं शेठ सांगतील.

हरसुखभाई भिंतीकडे बघत होते. सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण रमणीकभाईंच्या कपाळावर हळूहळू आठी पडली. "दशेरानुं स्टेटस?" त्यांनी विचारलं. "गलगोटावाळुं? में तो हाथ जोड्या'ता." झेंडूचा फोटो त्यांनीही पाहिला होता आणि खाली हात जोडल्याची खूण पाठवली होती. अख्ख्या मार्केटने पाठवली असणार. त्यातल्या कोणी हात जोडले आणि कोणी मोठा करून वाचला, ते आजवर कोणाला कळलेलं नाही.

रमणीकभाईंनी मोबाइल खिशात टाकला. मग व्यापारी तो व्यापारी. पण कोणीतरी जायला पाहिजे, रमणीकभाई म्हणाले. माझा सीझन गेला. आणि ही बेन एवढी चूक करते, तर ती कंप्यूटरवर का बसली आहे?

"बरोबर बोललात," रंजना म्हणाली. ती उठली. गुडघा वाजला, तिने तो वाजू दिला. "मी मशीनवर जाते, आजपासून. चुकले म्हणून जाते. चोर म्हणून इथून कोणी जाणार नाही." तिने खुर्ची नीलमकडे सरकवली. "या खोलीत आपण चौघं आहोत. पेटी मी पालथी केली. फोटो शेठनी गावाला दाखवला. तुम्ही त्याला हात जोडलेत. एकच माणूस उरलं ज्याच्या हातून चूक झाली नाही, आणि माफी तुम्ही तिलाच मागायला लावताय. उद्यापासून या पेटीची चावी कोणाकडे ठेवाल? माझ्याकडे ठेवाल?"

रमणीकभाईंनी हरसुखभाईंकडे पाहिलं.

"चावी तो मारी पासे रहेशे," हरसुखभाई म्हणाले. मालक मी आहे.

"मालक तुम्हीच," रंजना म्हणाली. "पण तुमच्याकडे राहिली तर दिवाळीला स्टेटसवर येईल."

रमणीकभाई हसले. हसू आवरायचा प्रयत्न करून हसले, म्हणून ते जास्तच मोठं झालं. "वात साची छे," बोलणं खरं आहे असं ते म्हणाले, आणि मग हरसुखभाईंना, कामाच्या सुरात, की पुढची डिझाइन मी पाठवेन, पण या पोरीकडेच पाठवेन. तिच्याशिवाय कोणी उघडायची नाही.

हरसुखभाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ज्या मुलीला त्यांनी काल घरी जा म्हटलं होतं तिला आज जाऊ नको म्हणायचं होतं, आणि तेही रंजनासमोर. त्यांनी ते म्हटलं नाहीच. त्यांनी फक्त खुर्चीकडे मान हलवली. नीलम बसली. तिसऱ्या ओळीत तिने आपलं नाव स्वतःच्या हाताने टाइप केलं, पूर्ण, आडनावासकट. मग सेटिंगच्या पानाचा मुख्य पासवर्ड विचारणारा चौकोन उघडला. तिने कीबोर्डवर बोटं ठेवली आणि थांबली.

तिच्या खांद्यावरून तिघंही स्क्रीनकडे बघत होती. रंजनाच्या ते लक्षात आलं आणि तिने आधी स्वतः तोंड फिरवलं. रमणीकभाईंनीही फिरवलं. हरसुखभाई तसेच उभे होते.

"शेठ," नीलम म्हणाली, "पाठ करा."

हरसुखभाईंनी तिच्याकडे पाहिलं, रमणीकभाईंच्या पाठीकडे पाहिलं, आणि मग आपल्याच खात्यात, आपल्याच खोलीत, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे कीबोर्डची टकटक सुरू झाली. नीलमला कसलीच घाई नव्हती. पासवर्ड तिने चांगला लांबलचक ठरवला होता.